पाणी सुटू न देता स्टर-फ्राय: रोजच्या रात्रीसाठी अर्ध्या तासाचं जेवण

स्टर-फ्राय, म्हणजे मोठ्या आचेवर झटपट परतलेल्या भाज्या आणि मांस, बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने बिघडतो. भाज्या कढईत पडतात, चर्र आवाज होतो, वाटतं आता जमलं. अर्ध्या मिनिटात तो आवाज बसतो. बुडाशी पाणी साचतं, ब्रोकोलीचा रंग उतरतो, चिकन पांढरंफटक पडतं आणि सॉस ओतल्यावर जे तयार होतं त्याला फार तर पातळ रस्सा म्हणता येईल. चव अगदीच वाईट नसते, पण ज्या खमंगपणासाठी एवढी मोठी आच केली तो काही हाती लागत नाही.

मग आपण सॉस बदलून पाहतो, आणखी दोन बाटल्या आणतो. खरं तर सॉसचा यात फारसा दोष नसतो. दोष पाण्याचा असतो: भाजीला चिकटून आलेलं, मांसातून सुटलेलं, गर्दीमुळे वाफ होऊन न गेलेलं पाणी. चिरणं, मुरवणं, घाणे पाडणं, सॉस शेवटी घालणं या सगळ्या सूचनांच्या मुळाशी पाण्याचा बंदोबस्त आहे. तेवढं लक्षात आलं की कृती पाठ करावी लागत नाही आणि फ्रिजमध्ये असेल त्या भाजीचा स्टर-फ्राय करता येतो.

आच कमी पडते म्हणजे काय होतं

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि ते उडून जाईपर्यंत त्याखालचा पदार्थ त्याच्या फारसा वर तापत नाही. मांसावर आणि भाजीवर येणाऱ्या तपकिरी, खरपूस थराला मात्र साधारण १४० अंशांच्या पुढची उष्णता लागते. म्हणजे बुडाशी पाणी आहे तोवर आपण परतत नसतो, उकडत असतो. त्यातही पाणी उडवणं हे भलतं खर्चिक काम. खोलीत ठेवलेलं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास पावणेसातपट उष्णता तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. धुतलेल्या भाजीबरोबर कढईत गेलेलं दोन चमचे पाणी एवढं का नडतं, ते यावरून कळेल.

हॉटेलात हा प्रश्न निव्वळ ताकदीने सुटतो. घरातला मोठा बर्नर साधारण ३ ते ४ किलोवॉटचा असतो, तर वोकसाठीच्या (वोक म्हणजे चिनी पद्धतीची खोलगट कढई) व्यावसायिक भट्ट्या ३० किलोवॉट किंवा त्याहूनही जास्त आग ओकतात. तिथे पाणी सुटायच्या आधीच उडतं. कँटनी स्वयंपाकात ज्याला ‘वोक हेई’ म्हणतात तो धुरकट, किंचित जळका सुगंध त्या आगीतून येतो: तापलेल्या लोखंडावर तेलाचे बारीक थेंब उडतात, ज्वाळेत पेटतात आणि त्यांचा वास अन्नाला लागतो. तिथले आचारी कढई सतत उडवत असतात त्यालाही कारण आहे. फ्राइड राइस उडवण्याच्या भौतिकशास्त्रावर २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्यावसायिक आचाऱ्यांचा वेग सेकंदाला सुमारे २.७ वेळा इतका मोजला गेला. इतक्या भयंकर आचेवर अन्न क्षणभर हवेत गेलं नाही तर ते करपेल.

घरी त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही. आपली आच मुळात कमी, त्यात कढई उचलली की ती आणखी गार होते. घरच्या स्टर-फ्रायचा नियम बरोबर उलटा: कढई आचेवरच राहू द्या आणि कमी हलवा. नावात ‘हलवणं’ असलं तरी चांगला रंग येतो तो न हलवलेल्या अर्ध्या-एक मिनिटात.

भांडं कोणतं

घरच्या सपाट बर्नरवर गोल बुडाच्या वोकचा उपयोग कमी. ज्वाळा मधल्या तळहाताएवढ्या भागाला लागते आणि कडा गारच राहतात. सपाट बुडाचा, कार्बन स्टीलचा, ३० ते ३५ सेंटीमीटरचा वोक सगळ्यात सोयीचा. तो नसेल तर रुंद, जड बुडाचा लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलचा फ्राइंग पॅन घ्या. माझं मत विचाराल तर इंडक्शनवर किंवा कॉइलच्या शेगडीवर वोकपेक्षा असा पसरट पॅनच सरस, कारण त्याचा पूर्ण तळ तापतो आणि वाफेला निसटायला जागा मिळते.

नॉन-स्टिक पॅन चालेल, पण एका अटीवर. तो रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवू नका. त्यावरचं कोटिंग साधारण २६० अंशांच्या आसपास बिघडायला लागतं आणि रिकामा पॅन तिथवर फार लवकर पोचतो. नॉन-स्टिकमध्ये आधी तेल घाला, मध्यम ते मोठ्या आचेवर तापवा, आणि मांसाला थोडा कमी रंग येईल हे धरून चाला.

तेल चवीला सौम्य आणि जास्त तापमान सोसणारं हवं: रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल, कॅनोला, यातलं कोणतंही. भाजलेल्या तिळाचं गडद तेल परतायला वापरू नका. ते लवकर जळून कडू होतं, म्हणून त्याला मान शेवटी, आच बंद केल्यावर.

चिरणं आणि कोरडं करणं

अर्ध्या तासातला निम्म्याहून जास्त वेळ सुरीपाशी जातो आणि तो तिथेच जायला हवा. आचेवरचं काम सात-आठ मिनिटांचं. त्यात मध्येच लसूण सोलायला थांबलात तर बाकीचं करपतं किंवा कोमेजतं.

मांसाचे काप ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे, तंतूंना आडवे. तुकडा नीट पाहिला तर त्यात एका दिशेने जाणाऱ्या रेषा दिसतात. सुरी त्या रेषांना छेदून चालवायची. रेषांच्या दिशेने कापलं तर लांब धागे तसेच राहतात आणि तोंडात चिवट लागतात. मांस अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून जरा घट्ट केलं की पातळ काप सहज पडतात.

भाज्यांचे तुकडे एकसारखे ठेवा. दिसण्यापेक्षा ते एकाच वेळी शिजावेत म्हणून. गाजर तिरकं आणि पातळ, ढोबळी मिरचीचे दीड सेंटीमीटर रुंद पट्टे, ब्रोकोलीचे घासाएवढे तुरे, कांद्याच्या जाड पाकळ्या. पाक चॉयसारख्या (चिनी पालेभाजी) भाजीचे देठ आणि पानं वेगळी करा, कारण देठांना दीड मिनिट लागतं आणि पानांना वीस सेकंद.

भाज्या चिरायच्या आधी धुवा, नंतर नाही. शक्य असेल तर तासभर आधी धुऊन कपड्यावर पसरून ठेवा. पालेभाजी सॅलड स्पिनरमध्ये फिरवा किंवा पंचात गुंडाळून झटका. मशरूमचं वजन नव्वद टक्क्यांहून अधिक पाण्याचं असतं, म्हणून त्यांना इतर भाज्यांत मिसळून टाकू नका. ती आधी एकटीच, मोठ्या आचेवर, मीठ न घालता परता. पाणी सुटेल, आटेल आणि मग कडा तांबूस होतील. तेव्हा काढून ठेवा आणि शेवटी परत घाला. मीठ कोणत्याच भाजीवर सुरुवातीला टाकायचं नाही. मिठाने पाणी बाहेर ओढलं जातं आणि खारटपणा तसाही सॉसमधून येतोच.

मांस मुरवणं: कॉर्नफ्लोअरचा पातळ हात

चिनी स्वयंपाकातली ही युक्ती घरी वापरली जात नाही म्हणूनच बाहेरच्या चिकनचा लुसलुशीतपणा घरच्याला येत नाही. मांसाच्या कापांवर कॉर्नफ्लोअरचा पातळ थर दिला की आचेवर पडताक्षणी तो घट्ट होतो. आतला रस बाहेर यायला अडतो आणि पुढे सॉसही त्या थराला धरून राहतो.

इथून पुढे मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि छोटा म्हणजे ५. दोघांसाठी २५० ग्रॅम चिकनला सोया सॉस २ छोटे चमचे, पाणी १ मोठा चमचा, कॉर्नफ्लोअर २ छोटे चमचे, तेल १ छोटा चमचा आणि चिमूटभर मिरपूड. आधी सोया सॉस आणि पाणी घालून हाताने कालवा. मांस ते पिऊन घेतं, वाटीत ओल उरत नाही. मग कॉर्नफ्लोअर, शेवटी तेल. तेलामुळे काप कढईत एकमेकांना चिकटत नाहीत. १५ मिनिटं पुरे.

लाल मांस चिवट असेल तर २५० ग्रॅमला पाव छोटा चमचा खायचा सोडा घाला. सोड्यामुळे मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो आणि शिजताना त्यातली प्रथिनं घट्ट आवळली जात नाहीत. १५-२० मिनिटांनी एकदा पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करा आणि मग वरचं मिश्रण लावा. सोडा वाढवायचा मोह टाळा. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि पोतही विचित्र, रबरी होतो.

कोळंबीला एवढं सगळं नको. नीट टिपून कोरडी करा, चिमूटभर मीठ आणि कॉर्नफ्लोअर चोळा, झालं. टोफू घट्ट प्रकारचा घ्या, कापडात गुंडाळून वर जड भांडं ठेवून १५ मिनिटं दाबा, चौकोनी तुकडे करा आणि कढईत टाकायच्या अगदी आधी कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. आधी लावून ठेवलं तर ते ओल शोषून चिकट होतं.

सॉस वाटीत आधीच

कढईशेजारी उभं राहून एकेक बाटली उघडून अंदाजाने ओतणं हा झटपट स्वयंपाक वाटतो, पण त्यात वेळ जातो, आच उतरते आणि चव दर वेळी निराळी येते. सॉस एका वाटीत कालवून, चाखून ठेवा. दोघांसाठी माझं नेहमीचं प्रमाण असं: सोया सॉस दीड मोठा चमचा, ऑइस्टर सॉस १ मोठा चमचा, पाणी किंवा स्टॉक ४ मोठे चमचे, साखर १ छोटा चमचा, तांदळाचं व्हिनेगर १ छोटा चमचा, कॉर्नफ्लोअर दीड छोटा चमचा.

सोया सॉस म्हणजे इथे लाइट सोया. डार्क सोया मुख्यतः रंगासाठी असतो, तोही हवा असेल तर अर्धा छोटा चमचा. शाकाहारी स्वयंपाकात मशरूमपासून केलेला ‘व्हेजिटेरियन ऑइस्टर सॉस’ बिनदिक्कत वापरा, फारसा फरक पडत नाही. तो नसेल तर सोया सॉस २ मोठे चमचे करा आणि साखर किंचित वाढवा. गहू चालत नसेल तर तमारी हा जपानी सोया सॉस घ्या, मात्र लेबल वाचून, कारण काही तमारींत थोडा गहू असतो. मीठ वेगळं घालूच नका. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहण्याचा आहे. मिठावर बंधन असेल तर कमी सोडियमचा सोया घ्या आणि चव आलं, व्हिनेगर, मिरपूड यांच्यावर तोला.

या एका सॉसच्या आधारावर बाकीचे बरेच प्रकार जमतात. ऑइस्टर सॉस वगळून व्हिनेगर, साखर आणि टोमॅटो केचप प्रत्येकी २ मोठे चमचे केले की गोड-आंबट. ताजी भरडलेली काळी मिरी १ छोटा चमचा घातली की मिरीचा, जो लाल मांसाबरोबर फार छान लागतो. गोचुजांग ही कोरियन मिरची-पेस्ट एक मोठा चमचा वाटीत कालवला तर तिखट-गोड आणि दाट, मग कॉर्नफ्लोअर निम्मं करा. सिचुआनची आंबवलेली मिरची-पेस्ट, डोबानजियांग, मात्र वाटीत घालू नका. ती लसणाबरोबर तेलात अर्धा मिनिट परता, तेल लाल झालं की तिची चव खुलते. तीही चांगलीच खारट असते, तेव्हा सोया सॉस आवरता घ्या. थाई पद्धतीने करायचं तर फिश सॉस, ऑइस्टर सॉस, चिमूटभर साखर, ठेचलेली मिरची-लसूण आणि शेवटी मूठभर बेझिल. त्यात कॉर्नफ्लोअर घालत नाहीत.

आता आचेवर: चिकन, ब्रोकोली आणि ढोबळी मिरची

दोघांसाठी: वर मुरवलेलं २५० ग्रॅम चिकन, ब्रोकोलीचे तुरे १५० ग्रॅम, एक ढोबळी मिरची, एक मध्यम कांदा, लसणाच्या ४ पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, कांद्याची पात आणि वाटीतला सॉस. तेल एकूण अडीच मोठे चमचे. बरोबर भात हवा असेल तर तो सगळ्यात आधी लावा, कारण स्टर-फ्राय कोणासाठी थांबत नाही.

१. चिकन मुरत ठेवलं की भाज्या चिरा आणि सॉस कालवा. लसूण-आलं बारीक चिरा. किसलेल्या किंवा वाटलेल्या लसणाला पाणी सुटतं आणि तो चटकन कडू होतो.

२. ब्रोकोली उकळत्या पाण्यात ६० सेकंद ठेवून काढा, चाळणीत निथळवा आणि कपड्यावर पसरा. गरम असल्याने उरलेली ओल आपोआप वाफ होऊन जाते. ब्रोकोली, गाजर, फरसबी यांसारख्या टणक भाज्या कच्च्याच टाकल्या तर आत शिजेपर्यंत बाकीच्यांचा लगदा होतो. पाणी ठेवायचा कंटाळा असेल तर दोन चमचे पाणी शिंपडून मायक्रोवेव्हमध्ये झाकून दीड मिनिट.

३. सगळं शेगडीपाशी मांडा, ज्या क्रमाने कढईत जाणार त्या क्रमाने. शिजलेलं चिकन काढायला एक स्वच्छ ताटलीही ठेवा. कच्चं चिकन होतं त्याच भांड्यात शिजलेलं परत ठेवायचं नाही.

४. रिकामी कढई मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरून सिसकारत उडाला तर अजून वेळ आहे. थेंब गोळी होऊन पाऱ्यासारखा इकडेतिकडे पळू लागला की कढई तयार. आता एक मोठा चमचा तेल घाला, कढई फिरवून सगळीकडे लावा. तेलावर लाटांसारखी चमक येईल, धुराची पुसट रेघ दिसेल. ‘कढई गरम, तेल गार’ असा चिनी आचाऱ्यांचा दंडक आहे तो याचसाठी. अशा क्रमाने मांस चिकटत नाही आणि तेल फार वेळ जळत नाही.

५. चिकनचे काप एका थरात पसरा आणि हात मागे घ्या. ६० सेकंद काहीही करायचं नाही. पहिले काही क्षण काप तळाला धरून ठेवल्यासारखे वाटतील. उलथणं घालून खरवडू नका, खालची बाजू तांबूस झाली की ते स्वतःहून सुटतात. मग उलटा आणि आणखी मिनिटभर परता. कडा पांढऱ्या, मध्ये एखाद्या तुकड्यात किंचित गुलाबी छटा, अशा टप्प्यावर ताटलीत काढा. ते पुन्हा कढईत जाणार आहे, तिथे पुरं शिजेल. कढई लहान असेल तर हे दोन घाण्यांत करा. ‘उगीच दुसरा घाणा कशाला’ म्हणून सगळं एकदम लोटलं की पहिल्या परिच्छेदातला रस्सा ठरलेला.

६. बुडाला काळं झालं असेल तर पुसून घ्या. कढई परत तापू द्या, हे अर्धं मिनिट वाचवू नका. एक मोठा चमचा तेल. कांदा आणि ढोबळी मिरची घालून पसरा, अर्धं मिनिट तसंच ठेवा, मग परता. मिरचीच्या सालीवर बारीक काळे फोड दिसायला लागले की ब्रोकोली घाला आणि मिनिटभर परता.

या टप्प्यावर कान उघडे ठेवा. नीट तापलेल्या कढईचा आवाज कोरडा आणि कडकडीत असतो. तो मऊ होऊन ‘बुडबुड’ असा यायला लागला तर पाणी सुटतंय. लगेच भाज्या कडेला सरकवा, मधला भाग मोकळा करा, साचलेलं पाणी उघड्या बुडावर उडू द्या. फारच असेल तर भाज्या सरळ ताटलीत काढा, कढई तापवा आणि पुन्हा घाला. झाकण ठेवून मात्र कधी सुटका होत नाही.

७. मधोमध जागा करून उरलेलं अर्धा चमचा तेल, त्यावर लसूण आणि आलं. १५ ते २० सेकंद, वास दरवळेपर्यंतच. अनेक कृतींत लसूण सुरुवातीलाच टाकतात. वेगवान हाताला ते जमतं. बाकीच्यांचा लसूण भाजी शिजेपर्यंत काळा होतो, म्हणून मी तो नंतर घालायच्या बाजूची आहे.

८. चिकन आणि ताटलीत सुटलेला रस परत कढईत. सॉसची वाटी तळापासून ढवळा, कारण कॉर्नफ्लोअर खाली बसून घट्ट झालेलं असतं. सॉस भाजीवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून ओता. सोया सॉस आणि साखर तिथे क्षणभर चरचरतात आणि त्यांचा खमंग वास सगळ्याला लागतो.

९. आता मात्र भराभर हलवा. सॉस आधी दुधट दिसेल, मग उकळी फुटेल आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात तो पारदर्शक, चकचकीत होऊन प्रत्येक तुकड्यावर चढेल. उकळीपर्यंत नेणं गरजेचं आहे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. चिकनचा सगळ्यात जाड तुकडा कापून पाहा. गुलाबी उरायला नको, थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश दिसायला हवेत. सॉस फार दाटला तर चमचाभर पाणी शिंपडा, पातळ राहिला तर आणखी वीस सेकंद द्या.

१०. आच बंद. तिळाचं तेल एक छोटा चमचा, वरून कांद्याची पात. लगेच ताटात काढा. कढईत तसंच ठेवलं तर तिच्या उष्णतेने भाजी शिजत राहते.

भाजी बदलली तर

क्रम एकच: टणक आधी, मऊ नंतर. गाजर, फरसबी, बेबी कॉर्न, फ्लॉवर यांना तीन-चार मिनिटं किंवा आधीची उकळी. ढोबळी मिरची, कांदा, कोबी, झुकिनी, कोवळ्या मटार शेंगा यांना दीड ते दोन मिनिटं. मोड, पालक, पाक चॉयची पानं, कांद्याची पात यांना फक्त सॉसबरोबरचं अर्धं मिनिट. तीन भाज्या पुरेत, दोनही चालतात. सात-आठ भाज्यांचा रंगीबेरंगी ढीग फोटोत छान दिसतो, पण प्रत्येकीची वेळ सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात आणि शेवटी एकीचीही चव धड लागत नाही.

फ्रोजन भाज्यांबद्दल दोन शब्द. मटार, मका, एदामामे (कोवळे सोयाबीन) चालतात, गोठलेलेच थेट तापलेल्या कढईत टाका आणि ओल जाईपर्यंत एकटेच परता. फ्रोजन ढोबळी मिरची आणि झुकिनी यांच्या वाटेला जाऊ नका. गोठताना त्यांच्या पेशी फुटलेल्या असतात, कितीही आच दिली तरी त्या लिबलिबीतच राहतात.

नूडल्स घालायच्या असतील तर पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी उकळा, गार पाण्याने धुऊन चांगल्या निथळवा आणि छोटा चमचाभर तेल लावून मोकळ्या करा. सॉसमधलं कॉर्नफ्लोअर काढून टाका, कारण नूडल्सच्या स्टार्चमुळे तो दाटतोच. फ्राइड राइसला आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला, मोकळा झालेला भात हवा. शिजलेला भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, उबदार भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. पसरून गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका.

कामाच्या दिवसांसाठी आधीची सोय

सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढला तर आठवड्यात दोन-तीन रात्री निवांत जातात. सॉस चौपट करून बरणीत भरा, पण कॉर्नफ्लोअर आणि पाणी न घालता. फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतो, वापरताना वगळलेलं दोन्ही घाला. त्यात कच्चा लसूण घालून ठेवू नका, आणि तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर तर मुळीच नको. तिथे बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात.

चिरलेली ढोबळी मिरची, गाजर, ब्रोकोली हे डब्यात खाली-वर कोरडा कागदी रुमाल घालून दोन-तीन दिवस चांगले राहतात. चिकन कापून, मुरवण्याच्या मिश्रणासकट पिशवीत सपाट पसरून फ्रीजरमध्ये ठेवा. सपाट असेल तर आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवून सकाळपर्यंत सुटतं. कढईत टाकायच्या आधी सुटलेलं पाणी ओतून द्या आणि काप कागदाने हलके टिपा.

चौघांसाठी करायचं तर प्रमाण दुप्पट करा, कढईतला घाणा नाही. पहिला स्टर-फ्राय ताटात काढून, कढई पुसून, तापवून दुसरा करायचा. एकूण सहा-सात मिनिटं जास्त लागतात. मुलांसाठी तिखट नको असेल तर पहिला घाणा त्यांचा आणि मिरची दुसऱ्यात, हाही एक फायदा.

उरलंच तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. भाजीचा करकरीतपणा परत येणार नाही. गरम करताना पॅनमध्ये चमचाभर पाणी घालून झाकण ठेवा, सॉस पुन्हा मोकळा होतो. एवढ्या एकाच वेळी या पदार्थावर झाकण चालतं.